सदतिसाव्या वर्षी टेस्टिंग सुटतंय. आता एलएलबी, डाळिंब की मिसळ?

बगबहाद्दर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

वय ३७, मुक्काम रहाटणी. बीएस्सी, मग एमसीए, आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर टेस्टिंग. त्यातही बहुतेक मॅन्युअल, म्हणजे प्रोग्राम न लिहिता हाताने तपासणं. शेवटची आठ वर्षं हिंजवडीतल्या एकाच कंपनीत. काल एचआरने खोलीत बोलावून सांगितलं की प्रोजेक्ट संपतोय, बेंचवर (म्हणजे काम नसताना पगारावर) जागा नाही, राजीनामा दिलात तर तीन महिन्यांचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर व्यवस्थित मिळेल. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले.

धक्का बसला असं म्हणणार नाही. टीसीएसने २०२५च्या जुलैत सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं आणि त्यात मधल्या-वरच्या फळीतले जास्त असतील असंही सांगितलं, तेव्हापासून आमच्या मजल्यावरही सगळे एकमेकांचे चेहरे वाचत होते. मॅन्युअल टेस्टिंगच्या जागा निघतात त्या चार-पाच वर्षं अनुभववाल्यांसाठी. तेरा वर्षांचा माणूस महाग पडतो आणि त्याला जास्त काय येतं हे त्यालाही पटकन सांगता येत नाही.

घरची परिस्थिती: बायको सहकारी बँकेत, मुलगी दुसरीत, आई आमच्याकडे. गृहकर्जाचा हप्ता ३४ हजार. बायकोच्या पगारात हप्ता आणि किराणा निघतो, पुढे काही नाही.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, तीन वर्षांचं एलएलबी. कायद्याची आवड कॉलेजपासून आहे. दोन, सांगोल्याजवळ आमची साडेतीन एकर आहे, चुलते कसतात, तिथे डाळिंब लावायचं. तीन, एक मित्र मिसळीची फ्रँचायझी घेतोय, माझ्याकडून १२ लाख मागतोय. बायको म्हणते, सहा महिने काहीही ठरवू नकोस. आईला अजून सांगितलेलं नाही.

ज्यांनी पस्तिशी-चाळिशीत क्षेत्र बदललंय त्यांनी लिहा. 'आवड असेल तेच कर' हे सोडून काहीही चालेल.

शंकेखोर

तुमच्या घरात एक शहाणं माणूस आहे आणि ते हा धागा काढणारं नाही. (हलके घ्या.)

हिशेबनीस

क्षेत्र नंतर बदला, आधी पैशांचं बघू. सोमवारच्या आत यातलं निम्मं उरकायला हवं.

ग्रॅच्युइटी. एकाच कंपनीत पाच वर्षं झाली की हक्क लागतो, तुमची आठ झाली. शेवटचं बेसिक अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ४० हजार धरलं तर साधारण १ लाख ८५ हजार होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते आणि २० लाखांपर्यंत करमुक्त आहे. मुद्दा असा, की ती तुमची आहेच. राजीनामा दिलात म्हणून मिळणारं बक्षीस नाही. 'तीन महिन्यांचा पगार' म्हणतात त्यात ग्रॅच्युइटी, शिल्लक रजांचे पैसे आणि नोटीस पिरियडचा पगार मिसळून आकडा फुगवलाय का, ते कागदावर सुटं करून मागा. असं मिसळलेलं मी बघितलंय.

पीएफ. हात लावू नका. तुमची सगळी मिळून तेरा वर्षं झाली, जुनी खाती एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा नंबर) आणली असतील तर पेन्शनच्या भागासाठी लागणारी दहा वर्षं पूर्ण आहेत. आणली नसतील तर या आठवड्यात आणा. पीएफ काढून मिसळीत घालणार असाल तर मी या धाग्यावरून रजा घेतो.

आरोग्य विमा. हे लोक विसरतात आणि नंतर रडतात. कंपनीचं ग्रुप कव्हर बहुधा शेवटच्या दिवशीच संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळात ग्रुपमधली वर्षं धरली जातात. पण अर्ज कव्हर चालू असताना करायचा. आईंना बीपी-शुगर काही असेल तर हे एक काम तीन महिन्यांच्या पगाराइतकं मोलाचं आहे.

बँक. हप्ता चुकायच्या आधी जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारा. चुकल्यावर गेलात तर तुम्ही त्यांच्या दुसऱ्या रांगेत जाता.

मग एका कागदावर महिन्याचा खरा खर्च लिहा, हातातल्या पैशाला त्याने भागा. जो आकडा येईल तेवढे महिने तुम्ही कुणालाही न विचारता जगू शकता. सहाच्या खाली आला तर तिन्ही बेत बाद.

काळाडगला

व्यवसायाने वकील आहे, कामगार प्रकरणं बघतो. राजीनामा लिहून देऊ नका एवढंच आत्ता सांगतो. कारण सविस्तर.

राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वखुशीने गेलात. छाटणी झालीच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत छाटणीसाठी एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार ही भरपाई आहे. शिवाय छाटणी झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार वेगळा भरायचा, तो कामगाराच्या खात्यात जातो. हे सगळं 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना. व्यवस्थापकीय काम करणारे बाहेर, आणि महिना १८ हजारांवर पगार असलेले पर्यवेक्षकही बाहेर.

इथे लगेच लोक म्हणतात, मग आयटीवाले बाहेरच. तसं नाही. हुद्द्याचं नाव काय आहे यापेक्षा माणूस प्रत्यक्ष काय काम करतो हे पाहतात. 'असोसिएट लीड' लिहिलेला माणूस दिवसभर स्वतःच टेस्ट केस चालवत असेल, कुणाच्या रजा मंजूर करत नसेल, कुणाचं मूल्यमापन करत नसेल, तर तो तांत्रिक काम करणारा कामगार आहे असा दावा नक्की मांडता येतो.

एचआरवाली_मावशी

टेबलाच्या पलीकडे पंधरा वर्षं बसलेय म्हणून बोलते. काळाडगला कायद्याने बरोबर आहेत आणि तरी त्यांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. नोकरी शोधत असताना लेबर कोर्टात तारखा करायला किती जणांकडे वेळ आणि पैसा असतो?

मात्र 'सोमवार' ही मुदत त्यांची आहे, तुमची नाही. आम्हाला महिनाअखेरीस यादी पूर्ण करायची असते, म्हणून आम्ही सोमवार म्हणतो. तुम्ही शांतपणे लिहा: प्रस्ताव ईमेलवर पाठवा, आकडे सुटे द्या, मला विचाराला आठवडा हवा. तोंडी काही कबूल करू नका. मग मागण्या करा. विम्याचं कव्हर पॉलिसी वर्ष संपेपर्यंत, पत्रात 'प्रकल्प संपल्यामुळे' हे कारण, नोटीस काळात ऑफिसला न येता शोधायची मुभा. यातल्या दोन तरी मिळतात. मागणाऱ्याला मिळतात, रडणाऱ्याला नाही, भांडणाऱ्याला तर अजिबात नाही.

काळाडगला

मावशी, शेवटच्या वाक्यावर आपलं एकमत होणार नाही. भांडणाऱ्यांमुळेच तुमच्या फाईलमध्ये तीन महिन्यांचा आकडा आला, पूर्वी एक महिन्याचा असायचा. पण ईमेलवर मागायचा सल्ला उत्तम, तो मी माझ्या नावावर खपवणार आहे.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत गंमत बघा. परस्पर संमतीने नोकरी सोडल्याच्या कागदावर सही केली, तर रोजगार कार्यालय म्हणतं तुम्ही बेकारी स्वतःहून ओढवून घेतली, आणि भत्ता बारा आठवड्यांपर्यंत रोखू शकतं. म्हणून इथे कुणीही वकिलाला दाखवल्याशिवाय सही करत नाही. काळाडगला यांचा मुद्दा इथे थेट पैशात दिसतो.

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत होतो, ३९व्या वर्षी नोकरी गेली. शेवटच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, साधारण वर्षभर मिळतात. त्या काळात रोजगार कार्यालय प्रशिक्षणाचं व्हाउचर देऊ शकतं. मी सध्या हीट पंप बसवायचं आणि दुरुस्तीचं शिकतोय, वर्गात सगळ्यात म्हातारा. हाताने काम करायची इतक्या वर्षांनी पुन्हा सवय लागली. तुमची तुलना माझ्याशी करू नका. माझ्यामागे भत्ता आहे, तुमच्यामागे बायकोचा पगार. हा फरक सोडून दिलेले सल्ले ऐकू नका, माझेसुद्धा.

मृगबहार

रामराम. सांगोल्याचं नाव दिसलं म्हणून लिहितोय, मी तिथलाच, डाळिंबवाला.

साहेब, आधी एक विचारतो. सातबारा कुणाच्या नावावर हाय? 'आमची' म्हणता, पण वाटप झालंय का? चुलते इतकी वर्षं कसत्यात, बोअर त्यांनी मारला असंल, पाइपलाइन त्यांनी टाकली असंल. तुम्ही पुण्यातनं येऊन 'माझी साडेतीन एकर' म्हणलात की दिवाळीचं जेवण बंद होतंय. हे डाळिंबापेक्षा अवघड हाय.

आता डाळिंब. भगवा वाण लावला तर पहिला नीट बहार धरायला दोन वर्षं जात्यात. तवर खड्डे, रोपं, ठिबक, तार-काठी, फवारणी, नुसता खर्च. मग ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी, पाणी सोडायचं, कळी निघायची वाट बघायची. मृग बहार धरला तर पावसात तेल्या रोग येतो. फळावर तेलकट डाग पडला की व्यापारी गाडीतनं उतरत बी न्हाई. मधल्या काही वर्षांत पिन होल बोरर (खोड पोखरणारी कीड) आणि मर रोगानं आमच्या तालुक्यातल्या किती बागा मुळासकट उपटाय लागल्या ते गावात कुणालाबी विचारा. ज्यांनी नाव कमावलं त्यांनीच जेसीबी घातला.

वाईट नव्हं हे पीक. माझ्या दोन पोरींची शिक्षणं डाळिंबावर झाली. पण मी बागेत रोज सकाळी असतो. फोनवर बाग होत न्हाई. मन लागतंच असंल तर सोलापूरला केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र हाय, तिथं प्रशिक्षण असतंय, ते करा. चुलत्याच्या बागेत एक बहार त्यांच्या हाताखाली काढा. पगार न घेता. मग सांगा.

बगबहाद्दर

मृगबहार, सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. हे लिहितानाच उत्तर कळलं. मनापासून आभार.

मावशींच्या सल्ल्याप्रमाणे ईमेल पाठवलाय.

तर्रीदार

चिंचवडला मिसळीचं दुकान आहे, माझं स्वतःचं, फ्रँचायझी नव्हे. आधी भरती करणाऱ्या एजन्सीत होते, ती बंद झाली तेव्हा मी चौतीस वर्षांची होते.

१२ लाख कशाचे, हे मित्राला विचारा. फी किती, दुकानाचं डिपॉझिट किती, सजावट किती, आणि पहिले सहा महिने तोटा झाला तर तो भरायला किती? चौथा आकडा कुणीच सांगत नाही. फ्रँचायझीच्या करारात मसाला, फरसाण त्यांच्याकडूनच घ्यायचं असं असतं. त्यांचा खरा नफा तिथेच असतो, तुमची मिसळ खपो न खपो. जवळपास दुसरी शाखा देणार नाही असं लेखी आहे का? तीन वर्षांच्या आत सोडलं तर फी बुडते का?

आता दुकान. शंभराच्या थाळीत मटकी, फरसाण, पाव, तेल, गॅस मिळून माझे पस्तीसच्या आसपास जातात. वर भाडं, दोन पोरं, एक मावशी, वीज. अ‍ॅपवरून गेली की त्यांचं कमिशन वेगळं, पॅकिंग वेगळं. मिसळ सकाळी साडेसातला सुरू होते आणि दुपारी एकनंतर हलत नाही. म्हणजे भाडं चोवीस तासांचं आणि धंदा पाच-सहा तासांचा. शनिवार-रविवार जे होतं त्यावर आठवडा. रविवारी मुलीच्या शाळेचं गॅदरिंग असो, सासऱ्यांची साठीशांत असो, तुम्ही कढईपाशी. पाववाला आला नाही तर पहाटे सहाला तुम्हीच बेकरीत.

मला हे आवडतं. कट कसा आला हे मी वासावरून सांगते. पण 'नोकरी गेली म्हणून मिसळ' हे कारण पुरत नाही. आधी पंधरा दिवस कुणाच्या तरी काउंटरला उभे राहा. माझ्याकडे या हवं तर, नाश्ता फुकट.

आणि कर्ज काढूनच करणार असाल तर पाहुण्यांकडून घेऊ नका. जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा, प्रवर्गाप्रमाणे आणि जागेप्रमाणे १५ ते ३५ टक्के अनुदान असतं. अट: बँकेने कर्ज मंजूर करायला हवं. म्हणजे पुन्हा हिशेबनीस यांच्याकडे.

शंकेखोर

नाश्ता फुकट हे धाग्यातल्या सगळ्यांना लागू आहे का?

तर्रीदार

तुम्हाला डबल भाव.

काळाडगला

एलएलबीबद्दल राहिलं होतं. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला वयाची अडचण येत नाही. राज्याची सीईटी द्यायची, मग कॉलेज. बार कौन्सिलच्या नियमात हजेरी ७० टक्के आहे. काही कॉलेजांत ती कशी भरते यावर मी बोलत नाही. नंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी, अखिल भारतीय बार परीक्षा, मग सनद. नोंदणीला पूर्वी हजारो रुपये लागत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की कायद्यात आहे तेवढीच फी घ्यायची, खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये. सनद घेतली की पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही हे लक्षात ठेवा.

खरी किंमत यानंतर सुरू होते. ज्युनिअरला सीनियर जे देतो ते सांगायची लाज वाटते, मीही फार देत नाही. स्वतःची अशिलं बांधायला सनदेनंतर चार-पाच वर्षं धरा. म्हणजे बगबहाद्दर, तुम्ही पंचेचाळिशीत पोचलात. वडिलांचं ऑफिस असलेली मुलं तोपर्यंत बारमध्ये नाव कमावून बसलेली असतात.

दुसरी वाट आहे: कायदा शिकायचा, कोर्टात जायचं नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले. कंपन्यांना सिस्टिम समजणारी आणि कायदा वाचू शकणारी माणसं लागणार. पण त्यासाठी आधी तीन वर्षं कुठेतरी पगार चालू हवा. एलएलबी हा दुसरा पगार असताना करायचा छंद आहे, पहिला पगार गेल्यावरचा उपाय नव्हे.

अबोली

मी टेस्टिंगमध्येच होते, नाशिकला. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले आणि सहा महिन्यांत 'पुनर्रचना' झाली. ३४व्या वर्षी बीएड केलं, आता खासगी शाळेत आठवी-नववीला गणित-विज्ञान शिकवते.

पुरुषांची नोकरी जाते तेव्हा घर काळजीत पडतं. माझी गेली तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटलं. 'चला, आता बाळाकडे लक्ष देता येईल.' पुन्हा शिकायचं म्हटलं तर फीचा प्रश्न नव्हता, दुपारी बाळाला कोण बघणार हा होता. दोन वर्षांचं बीएड मी आईच्या जिवावर केलं, आणि त्याचं श्रेय घरात अजून नवऱ्याच्या 'पाठिंब्याला' जातं.

पगार जुन्याच्या एक तृतीयांश आहे. सरकारी-अनुदानित शाळेत जायचं तर टीईटी आणि टीएआयटी या परीक्षा, मग भरतीचं पवित्र पोर्टल. आणि लागलात तरी आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. ते मानधन २०२३ पासून वाढलं, प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार. तुमचा हप्ता ३४ हजार आहे, म्हणून तुम्हाला सुचवत नाही. मला झेपलं कारण आमच्या घरावर कर्ज नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय. 'तिने मनाचं ऐकलं' छापाच्या गोष्टींत कर्जाचा उल्लेख कधी नसतो.

गिरणगावकर

थोडं अवांतर. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. वडील तेव्हा पस्तीसचे. साचा चालवणाऱ्याला दुसरीकडे कोण विचारणार? पण खाणावळीतला एक गाववाला दादरच्या फुलबाजारात माल उतरवायचा, त्याने नेलं. पुढची वीस वर्षं पहाटे तीनला उठून फुलं. क्षेत्र बदलायचं म्हणून कुणी विचार केला नव्हता, ओळख होती तिकडे गेले.

तुमच्या जुन्या सहकाऱ्यांची यादी करा. नोकरी मागू नका. ते आता कुठे आहेत आणि तिथे काय चालतं एवढंच विचारा.

फोंडेकर

गिरणगावकरांचाच धागा पुढे नेतो. बगबहाद्दर, तू मॅन्युअल टेस्टिंग म्हणजे जणू गुन्हा केल्यासारखं लिहिलंयस. एक जागा अशी आहे रे जिथे नेमकं तेच लागतं.

मी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत आहे. आमच्या कामाला कॉम्प्युटर सिस्टिम व्हॅलिडेशन म्हणतात, सीएसव्ही. औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेची यंत्रं, बॅच रेकॉर्ड, गोदाम, सगळं सॉफ्टवेअरवर चालतं. ते सॉफ्टवेअर जे करायला हवं तेच करतं, याचा लेखी पुरावा द्यावा लागतो. अमेरिकेला माल जात असेल तर त्यांच्या एफडीएचा (औषध नियामकाचा) नियम, २१ सीएफआर पार्ट ११, १९९७ पासूनचा. युरोपला जात असेल तर अ‍ॅनेक्स ११. काम कसं करायचं याचं सर्वमान्य मार्गदर्शक म्हणजे गॅम्प ५.

दिवसभर काय करतो? आधी वापरणाऱ्याला काय हवं ते कागदावर, यूआरएस. त्यातल्या कशाने रुग्णाला धोका होऊ शकतो याचा विचार. मग आयक्यू, ओक्यू, पीक्यू: नीट बसवलंय का, नीट चालतंय का, आमच्या खऱ्या कामात नीट चालतंय का. प्रत्येक पायरीला टेस्ट स्क्रिप्ट, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, स्क्रीनशॉट, सही, तारीख. मग प्रत्येक गरज कुठल्या टेस्टने तपासली याची तक्तेवारी. ओळखीचं वाटतंय का?

फरक स्वभावात आहे. आयटीत बग 'क्लोज' केला की संपलं. इथे टेस्ट फेल झाली तर आनंदाने लिहायचं की फेल झाली, का झाली, काय केलं. लपवलंस तर संपलास. कागदावर चूक झाली तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, कारण. व्हाइटनर प्लांटमध्ये सापडला तर आग लागल्यासारखी धावपळ होते. ऑटोमेशनवाली हुशार पोरं इथे कंटाळून पळतात. सावकाश, चिवट, कागदाचा कंटाळा नसलेला माणूस टिकतो.

पगार सुरुवातीला तुझ्या जुन्यापेक्षा कमी येईल, कारण फार्मातला अनुभव शून्य. पण टेस्टिंगचा अनुभव शून्य धरत नाहीत. थेट कंपनीत न शिरता व्हॅलिडेशनची कामं घेणाऱ्या सल्लागार कंपन्यांत कंत्राटावर शिरायचं. त्या पुणे, मुंबई, हैदराबाद, अहमदाबादला आहेत. कारखाने तुझ्या जवळ कुरकुंभला आहेत. लाखभराचे सर्टिफिकेट कोर्स विकणारे बरेच भेटतील. पार्ट ११ एफडीएच्या साइटवर फुकट आहे, छोटा आहे, आधी तो वाच.

बगबहाद्दर

फोंडेकर, तुमची पोस्ट बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. पहिल्या नोकरीत मी बँकेच्या सॉफ्टवेअरचं युजर टेस्टिंग करायचो, तेव्हा ऑडिटरसाठी अगदी असंच सगळं ठेवायला लागायचं. बायोडेटात ती दोन वर्षं मी एका ओळीत गुंडाळली होती.

कंपनीकडून उत्तर आलं. ग्रॅच्युइटी वेगळी, तीन महिने वेगळे, विमा पॉलिसी वर्ष संपेपर्यंत, आणि पत्रात 'प्रकल्प समाप्ती'. मी सही करणार आहे. काळाडगला, माफ करा.

काळाडगला

माफी कसली. तुम्ही वाचून सही करताय. माझ्याकडे येणारे बहुतेक सही करून वाचतात.

एचआरवाली_मावशी

तुमच्या एचआरलाही आज झोप लागेल. (शंकेखोर, काही लिहू नका.)

बगबहाद्दर

धागा वर काढतोय, काही जणांनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं म्हणून.

जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. एक जण औषध कंपन्यांना प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत निघाला, मला माहीतच नव्हतं. त्याने एका व्हॅलिडेशन कंपनीचा पत्ता दिला. मुलाखतीत तांत्रिक प्रश्न कमी होते. बँकेचं ऑडिट कसं हाताळलं यावरच अर्धा तास गेला. सहा महिन्यांचं कंत्राट मिळालंय, कुरकुंभची साइट. पगार जुन्याच्या सत्तर टक्के. पहाटे निघावं लागतं आणि सोलापूर रस्त्याबद्दल मी इथे काही लिहित नाही, धागा उडेल.

बँकेने मुदत वाढवून हप्ता थोडा कमी केला. मिसळीला नाही म्हटलं, मित्र फुगलाय. चुलत्यांना भेटून आलो, वाटपाचा विषय काढला नाही, नुसतं बहाराला मदतीला येऊ का विचारलं. हो म्हणाले, आणि मग फवारणीचा पंप हातात दिला.

आईला सांगितलं. 'मला तुझ्या बायकोने केव्हाच सांगितलंय' म्हणाली.

नवीन_सदस्य_अंबड

पूर्ण धागा वाचला. मी ३३, सपोर्टमध्ये होतो, मागच्या महिन्यात कमी केलं. सीएसव्हीसाठी बीफार्म लागतं का? आणि टेस्टिंग केलेलं नसेल तर?

फोंडेकर

बीफार्म असेल तर बरं, नसेल तर अडत नाही; आमच्या टीममध्ये इन्स्ट्रुमेंटेशनवाले आणि बीएस्सी केमिस्ट्रीवालेही आहेत. सपोर्टमध्ये असशील तर बदलांच्या नोंदी, अ‍ॅक्सेस देणं-काढणं, बॅकअप परत चढवून बघणं हे केलं असशील. तेही आमच्याकडे रोज लागतं. बायोडेटात ते वर घे. मुलाखतीत हमखास विचारतील: शेवटच्या स्क्रिप्टला टेस्ट फेल झाली, उद्या रिपोर्ट द्यायचाय, काय करशील? 'पुन्हा चालवून बघेन' हे उत्तर देऊ नकोस. आधी फेल लिही, तारीख टाक, मग साहेबाला फोन कर.